आपल्याला बर्फाचं काय करायचंय?

कळंबच्या पोराला बर्फात जायचे दोनच परवाने मिळतात. पहिला फौजेचा. भरतीत निघालात, ट्रेनिंग झालं, पोस्टिंग वर लागलं की बर्फ आलाच. गावाला अभिमान, आईला काळजी, आणि सुट्टीवर आल्यावर चौकात सत्कार. दुसरा परवाना पॅकेजचा. लग्न झालं की सिमला-मनाली नाहीतर काश्मीर. हल्ली त्यात मित्रांची ट्रिपही बसते. या दोन्हींखेरीज तिसऱ्या कारणानं कुणी बर्फाकडं निघालं, म्हणजे नुसतं काही शिकायला, तर पारावरनं, ओसरीवरनं आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरनं एकच प्रश्न येतो : ‘आपल्याला बर्फाचं काय करायचंय?’

या प्रश्नाशी माझं भांडण आहे. मी स्नोबोर्ड शिकतो. वयाच्या सव्विसाव्या वर्षी सुरुवात केली आणि अजून तो धड येत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कुणी यशोगाथा म्हणून वाचणार नाही.

प्रश्न विचारणारी माणसं वाईट नाहीत. त्यात माझे चुलते आहेत, शाळेतले दोस्त आहेत. पण त्यातला ‘आपल्याला’ हा शब्द नीट ऐका. हे ‘आपण’ कोण? सोयाबीनच्या भावावर ज्यांचं वर्ष ठरतं ते. पोरगं बारावी झालं की ज्यांना पुणे किंवा लातूर एवढेच दोन रस्ते दिसतात ते. या ‘आपण’नं शिकायचं ते पोटापाण्याचं. बाकीच्या जगातलं जे काही आहे ते बघायचं, फोटो काढायचा, परत यायचं. शिकायचं नाही. शिकणं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम आहे, हे आपण इतक्या लहानपणी मान्य केलेलं असतं की त्याची टोचणीसुद्धा लागत नाही.

आधी दुसऱ्या परवान्याबद्दल बोलू, कारण हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या गॅलरीत तो व्हिडिओ असणार. गुलमर्गला गाडीतून उतरलात की भाड्याचा कोट, भाड्याचे गमबूट. मग स्लेज. लाकडी पाटावर तुम्ही बसायचं आणि एक माणूस दोरी धरून तुम्हाला बर्फातनं ओढत नेणार. चांगली धडधाकट पंचविशीतली पोरं त्या पाटावर बसलेली असतात आणि ओढणारा कधीकधी त्यांच्या वडिलांच्या वयाचा असतो. त्याचं पोट त्यावर आहे, त्याला मी काय बोलू? मी बसणाऱ्याला बोलतोय. पुढं कुणीतरी स्कीच्या पट्ट्या भाड्यानं पायात अडकवतो. मदतनीस त्याला दोन्ही हातांनी धरून वीस पावलं पुढं नेतो. खालून मित्र ‘एक नंबर, भावा!’ म्हणून ओरडतो. रात्री हॉटेलवर रील कापताना सगळ्यात आधी काय कापलं जातं, तर तो मदतनीस.

पर्यटनाचा धंदा आपल्याला ‘अनुभव’ विकतो. तो अर्ध्या तासात मिळतो, कारण त्यात तुमच्याकडनं काहीच मागितलेलं नसतं. पैसे द्या, उभे राहा, हसा. स्नोबोर्ड मात्र पहिल्याच तासात तुमच्याकडनं एक गोष्ट मागतो आणि ती आमच्याकडच्या माणसाला सगळ्यात जड जाते. चारचौघांत पडायची तयारी.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. स्नोबोर्ड म्हणजे एक रुंद फळी, उभी केली तर हनुवटीच्या आसपास येणारी. दोन्ही पाय तिच्यावर आडवे बांधायचे, पट्ट्यांनी आवळून. स्कीला दोन पायांना दोन पट्ट्या असतात आणि हातात काठ्या असतात. तोल गेला तर एक पाय पुढं टाकता येतो. इथं पाय सुटे नाहीत, हातात काही नाही. आधी ठरवावं लागतं की पुढं पाय कुठला. डावा पुढं असेल तर त्याला ‘रेग्युलर’ म्हणतात, उजवा असेल तर ‘गूफी’. माझा उजवा निघाला. प्रशिक्षकानं मला न सांगता मागनं हलकासा धक्का दिला आणि कुठला पाय आपोआप पुढं पडतो ते बघितलं. शिकवण्याची सुरुवात अशी, धक्क्यानं.

मग पहिला अख्खा दिवस एक पाय बांधून, दुसऱ्या सुट्या पायानं ढकलत, सपाट जागेवर लंगडत फिरायचं. दुपारनंतर लहानसा उतार. दोन्ही पाय बांधून बर्फात बसायचं आणि उठायचं. ऐकायला सोपं वाटतं. दोन्ही पाय एका फळीला बांधलेला माणूस उतारावर बसल्या जागेवरनं उठतो कसा, हे एकदा करून बघा. उठलात की बोर्ड उताराला आडवा धरून, टाचेकडच्या कडेवर भार ठेवून, हळूहळू घसरत खाली यायचं. मग त्याच कडेवर डावीकडं-उजवीकडं हेलकावे घेत यायचं, झाडाचं पान खाली येतं तसं. मग हेच सगळं तोंड डोंगराकडं करून, चवड्यांकडच्या कडेवर. तेव्हा खालचं काही दिसत नाही. वळण यायचं ते या सगळ्यानंतर. वळण म्हणजे एका कडेवरनं दुसऱ्या कडेवर जाणं, आणि मधला एक क्षण असा असतो की बोर्ड सरळ खाली तोंड करून असतो आणि तुम्ही कुठल्याच कडेवर नसता. त्या क्षणी घाबरून मागं झुकलात की गेलात. उताराच्या खालच्या बाजूची कड बर्फात रुतली तर माणूस उभाच्या उभा आपटतो. विचार करायला वेळ मिळत नाही, थेट आवाज येतो.

पडायचीसुद्धा पद्धत असते. पुढं पडताना मुठी मिटून, गुडघ्यांवर आणि कोपरापुढच्या हातांवर. मागं पडताना हनुवटी छातीला लावून, बसत, लोळत. तळहात टेकायचा नाही. नवशिक्याचं मनगट मोडतं ते तळहात टेकल्यानंच. स्नोबोर्ड शिकणाऱ्यांत मनगटाची दुखापत सगळ्यात जास्त होते. आणि माकडहाड नावाचं हाड आपल्याला आहे, हे शरीरशास्त्राच्या पुस्तकाशिवाय कळायचं असेल तर हा खेळ उत्तम.

पहिले दोन-तीन दिवस हे असंच असतं, सगळ्यांचं. जाणकार म्हणतात, स्की शिकायला सोपी आणि त्यात तरबेज व्हायला अवघड. स्नोबोर्डचं उलटं, सुरुवातच जीव काढते. या सुरुवातीतनं पार होण्यासाठी अंगात फार ताकद लागत नाही. लाज सोडावी लागते. माझ्या शेजारी सात-आठ वर्षांची काश्मिरी पोरं सुळकन खाली जात होती. त्यांना माझं पडणं दिसत होतं आणि त्यात त्यांना विशेष काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते मला.

आता गंमत बघा. पडायला लाजणारा हा माणूस कुठल्या जिल्ह्यातला? खो-खोच्या. धाराशिव जिल्ह्यानं देशाला खो-खोची कर्णधार दिली. सारिका काळेच्या नेतृत्वाखाली भारतानं २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेतलं आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खो म्हणजे काय? धावत्या गड्याच्या मागं अंग झोकून देणं. आकाशीय सूर मारायचा म्हणजे पूर्ण अंगानं मातीवर यायचं, छाती-पोट-गुडघे सोलवटून घ्यायचे आणि दुसऱ्या क्षणाला उठून पाटीवर बसायचं. आमच्याकडच्या कितीतरी पोरी शाळेच्या मैदानावर हे रोज करतात. तालमीत गेलेल्या पोराला तर पहिले कित्येक दिवस दुसऱ्याच्या हातनं आपटून घ्यायचंच काम असतं; पाडायचं नंतर शिकवतात. म्हणजे पडणं ही गोष्ट आम्हाला परकी नाही. ती आमच्या मातीत आहे. पण मैदानाच्या आणि हौद्याच्या बाहेर पाऊल टाकलं की तेच पडणं ‘हसं होणं’ बनतं. इंग्रजी बोलताना पडणं, मुलाखतीत पडणं, पोहताना, गाताना पडणं. मग माणूस सुरुवातच करत नाही. सुरुवात केली नाही तर पडायचा प्रश्नच नाही.

पृष्ठभाग बदलला की उस्तादसुद्धा नवशिका होतो. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा त्यांची कुस्ती मातीतली होती. तिथं मॅट होती, नियम वेगळे होते. सहावा नंबर आला. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक. आपण १९५२चं पदक पाठ करतो. मला १९४८चे खाशाबा जास्त जवळचे वाटतात. कोल्हापूरच्या मातीत नाव कमावलेला मल्ल, जगापुढं परक्या गादीवर उभा, आणि तरीही उभा.

दुसरी अडचण वयाची सांगतात. ‘हे लहानपणीच शिकायचं असतं.’ हे वाक्य मला सांगणाऱ्यांत निम्मे जण स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे होते. महाराष्ट्र सरकार खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराला अडतिसाव्या वर्षापर्यंत राज्यसेवेची परीक्षा देऊ देतं, मागासवर्गीयांना त्रेचाळिसाव्यापर्यंत. म्हणजे पस्तिसाव्या वर्षी अभ्यासिकेत बसून राज्यघटनेची कलमं पाठ करायला वय आडवं येत नाही, पण सव्विसाव्या वर्षी उतारावर उभं राहायला येतं. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बघा. बारावीनंतर फौजेत गेला, सियाचीनचा बर्फ आणि राजस्थानची वाळू दोन्ही पाहिली. धावपटू म्हणून त्याची सुरुवात फौजेतच झाली, विशीत पोचल्यावर. स्टीपलचेस त्याच्याही नंतर. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत त्यानं रौप्यपदक घेतलं. त्याच्या गोष्टीतनं सगळे ‘गरिबीवर मात’ काढतात. मला त्यातलं वय दिसतं. आणि हेही दिसतं की त्याला बर्फ भेटला तो ड्युटी म्हणून. आमच्या भागातल्या पोरानं बर्फात जिवावर उदार व्हावं हे सगळ्यांना मान्य आहे, त्यानं तिथं मजेसाठी पडावं हे नाही.

तिसरा आक्षेप मात्र जड आहे, त्याला बगल देणार नाही. ‘इथं प्यायला पाणी नाही, आणि ह्याला बर्फ पाहिजे.’ मांजरा आमच्या गावालगत वाहते, धनेगावचं धरण हाकेच्या अंतरावर. २०१६च्या उन्हाळ्यात ते कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय. आमच्या आकाशातनं बर्फ पडतो तो गारांचा. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात पडला तसा, हातातोंडाशी आलेली ज्वारी, गहू, हरभरा झोपवून गेलेला. रान पांढरं झाल्याचा फोटो कुणी टाकला की खाली कुणीतरी ‘मराठवाड्यात काश्मीर’ असं लिहितोच. लिहिणाऱ्याचं एक गुंठाभरही रान त्या फोटोत नसतं, हे वेगळं सांगायला नको.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या पोराला स्नोबोर्ड शिक म्हणून सांगायला मी जाणार नाही. त्याला आधी शाळेत सलग वर्षभर बसता आलं पाहिजे. पण मला हे ऐकवणारे कोण होते? ज्यांनी गेल्याच वर्षी बुलेट घेतली ते. ज्यांच्या घरच्या लग्नात डीजेनं अख्खी गल्ली हादरवली ते. वाढदिवसाला चौकात जेसीबीतनं फुलं उधळणारे. दुष्काळ त्यांना फक्त दुसऱ्याच्या हौसेच्या वेळी आठवतो. स्वतःच्या हौसेला दुष्काळ नाही आणि दुसऱ्याच्या शिकण्याला मात्र आहे, ही तऱ्हा मला मान्य नाही. दुष्काळी मुलखानं फक्त गरजेचंच शिकावं, हा नियम कुणी केला? येरमाळ्याला चैत्र पौर्णिमेला येडाईच्या यात्रेत लाखो माणसं भर उन्हात चुनखडे वेचतात. त्याचा ‘उपयोग’ काय, असं कुणी विचारत नाही, आणि विचारूही नये.

बरं, हा खेळ श्रीमंतांचाच, हेही अर्धंच खरं. १९६५च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या इंजिनिअरनं आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक खेळणं बनवलं. पुढं त्याला ‘स्नर्फर’ नाव पडलं. स्नोबोर्डचा हा पूर्वज. नंतरची कित्येक वर्षं बड्या स्की रिसॉर्टांनी स्नोबोर्डवाल्यांना उतारावर पाऊल ठेवू दिलं नाही. ही उनाड पोरं, यांना रीत नाही, असं म्हणून. ऑलिंपिकमध्ये जागा मिळायला १९९८ उजाडलं. अमेरिकेत आल्टा, डिअर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन या तीन ठिकाणी आजही स्नोबोर्डला बंदी आहे. ‘इथं तुमचं काय काम?’ हा प्रश्न या खेळाच्या जन्मापासून त्याच्या मागं आहे. मला तो खेळ आवडायचं निम्मं कारण तेच असावं.

आपल्याकडं शिकायची सोयही अगदीच नाही असं नाही. गुलमर्गला केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे. उत्तराखंडात औलीला गढवाल मंडळ विकास निगम सात आणि चौदा दिवसांचे स्कीचे कोर्स घेत आलंय. स्नोबोर्ड शिकवणारे स्थानिक प्रशिक्षक गुलमर्गात मिळतात. कोडगूसारख्या बर्फाचा कण नसलेल्या जिल्ह्यातली भवानी टी. एन. नॉर्डिक स्कीइंगमध्ये जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरते. कोडगू कर्नाटकात आहे. बर्फाच्या दृष्टीनं आणि कळंबच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच दक्षिणेत.

मग आमच्या जिल्ह्यात हे कुणाला माहीत का नसतं? कारण आपल्याकडं खेळ म्हणजे प्रमाणपत्र. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. चांगली गोष्ट आहे, पण त्यामुळं आई-बापाचा पहिला प्रश्न ‘ह्याचं सर्टिफिकेट चालतं का?’ हा होतो. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं मराठवाड्यात निघाली ती उगाच नाहीत. जिथं खेळापेक्षा कागद मोठा, तिथं खेळ न खेळताच कागद मिळवणं हे शहाणपण ठरतं. कागदाशिवाय, पदकाशिवाय, नोकरीशिवाय एखादी गोष्ट शिकायची असते, हे वाक्य आमच्या घरांत कुणी उच्चारतच नाही. पोरीनं उच्चारलं तर विचारूच नका. पोराला ‘येड लागलंय’ म्हणून सोडून तरी देतात.

भीतीचं काय, हेही विचारतात. २२ एप्रिल २०२५ला पहलगामला जे झालं त्यात महाराष्ट्रातली सहा माणसं गेली. त्यानंतर काश्मीर म्हटल्यावर आईचा चेहरा उतरला तर तिला समजावत बसू नका, ती बरोबर आहे. औलीला जा, हिमाचलला जा. आणि डोंगराची स्वतःची भीती वेगळीच. गुलमर्गच्या वर अफरवटच्या उतारांवर फेब्रुवारी २०२३मध्ये हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, पुढच्याच फेब्रुवारीत एक रशियन गेला. ही मुरलेली माणसं होती. नवशिक्यानं आखलेल्या उताराबाहेर जायचं नाही, रीलसाठी तर नाहीच नाही.

घाई मात्र करा म्हणेन, आणि ती वयामुळं नाही. बर्फच भरवशाचा राहिला नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये गुलमर्गला होणाऱ्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुरेसा बर्फ नाही म्हणून पुढं ढकलाव्या लागल्या, मार्चमध्ये झाल्या. मॉन्सूनची वाट बघणाऱ्या माणसाला हे लगेच कळेल. तिथले लोकही आता आकाशाकडं बघत बसतात, आपल्यासारखेच, फक्त वेगळ्या महिन्यात. गुलमर्गच्या एका ढाब्यावर मी ‘आमच्याकडं पाऊस असाच करतो’ म्हणालो, तर चहावाल्यानं मला दुसरा कप फुकट दिला.

जाणार असाल तर निदान चार दिवस काढा. एका दिवसाचा काही उपयोग नाही. त्यात फक्त पडणं होतं, पडण्याच्या पलीकडचं काही दिसत नाही. हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड घ्या, प्रशिक्षक घ्या, मित्राकडनं शिकू नका. पहिल्या दिवशी कुणाला व्हिडिओ काढू देऊ नका, किंवा काढला तर सगळा टाका, मदतनिसासकट. जानेवारी-फेब्रुवारी साधा. कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत जून २०२५पासून रेल्वे सुरू झाली आहे. कळंबहून मात्र आधी एसटीनं लातूर नाहीतर धाराशिव गाठावं लागेल. ‘कळंब रोड’ नावाचं एक स्टेशन आहे, पण ते कळंबात नाही.